एकट्याने वाजवायचा वाद्यसंच: दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

खानापूर तालुक्यातील गावांमध्ये आणि बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात मी अभंग, भावगीते आणि हरिदास संतांची कन्नड पदे म्हणतो. गणेशोत्सवात आणि कार्तिकात तबलावादक मिळणे आता फार अवघड झाले आहे, कारण आमच्या भजनी मंडळातील तरुण मुले नोकरीसाठी पुणे, गोवा आणि बंगळुरूला गेली आहेत व जे मागे राहिले आहेत त्यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. म्हणून गेल्या दसऱ्याला मी एकट्याने वाजवता येईल असा संच जमवला. त्यात गिटार, गळ्यातील स्टँडवर बसवलेला माउथ ऑर्गन, उजव्या पायाखाली ड्रमच्या किक पेडलने वाजणारी लाकडी पेटी आणि डाव्या पायाला बांधायची झांजांची पट्टी एवढी वाद्ये आहेत. असा संच घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून आजवरचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

एका माणसाने अनेक वाद्ये अंगावर घेऊन गाणे आपल्याकडे नवे नाही. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव हातात चिपळ्या व टाळ, पायात घुंगरू आणि कमरेला पावा घेऊन पहाटे दारोदार गात फिरतो, आणि त्यात काही उणे आहे असे ऐकणाऱ्याला वाटत नाही. अमेरिकेत जेसी फुलर (1896-1976) या गायकाने गिटार आणि माउथ ऑर्गनच्या जोडीला पायाने वाजवायचे खर्जाच्या तारांचे वाद्य स्वतः बनवले होते आणि त्याला ‘फॉटडेला’ असे नाव दिले होते. या दोन्ही परंपरांमध्ये ठेका पायांवर उभा आहे, आणि माझ्या वापरातूनही हेच ठळकपणे पुढे आले. या संचाचा कस हातांतील वाद्यांवर नव्हे, तर पायांखालच्या वाद्यांवर लागतो. लोक गिटार चांगली घेतात, माउथ ऑर्गन नामांकित घेतात आणि पेडल मात्र मिळेल ते घेतात. हा क्रम उलटा असायला हवा.

पेटी मी आमच्याकडच्या सुताराकडून करून घेतली. तिला सागवानाची चौकट, पुढे पातळ प्लायवूड आणि मागे हाताचा पंजा जाईल एवढे गोल भोक आहे. पेडलचा गोळा कापडी नमद्याचा असावा, कारण प्लॅस्टिकच्या गोळ्याचा आवाज कोरडा येतो आणि तो गायकाच्या शब्दांवर आदळतो. केरवा तालाच्या आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पेटी, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर झांज, एवढ्या मांडणीवर बहुतेक अभंग सुखाने उभे राहतात. दादऱ्यात पहिली आणि चौथी मात्रा पेटीला द्यावी. रूपकाच्या सात मात्रा मात्र पायांना सहज पचत नाहीत. तीन-दोन-दोन अशी विभागणी गाता गाता दोन पायांत वाटण्यासाठी मला पूर्ण हिवाळा रोज बसावे लागले, आणि आजही रूपकातील गाणे असेल तर मी झांज सोडून देतो व केवळ पेटी ठेवतो. द्रुत लयीत नडगीचा स्नायू भरून येतो. त्यावर पेडलची स्प्रिंग एक-दोन आटे सैल करणे आणि मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील एवढी उंच खुर्ची घेणे हे दोन उपाय खरोखर लागू पडले.

गावच्या देवळांत शहाबादी फरशी असते आणि तिच्यावर पेडल प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकते. तिसऱ्या कडव्यापर्यंत पाय पूर्ण लांब होतो आणि ठेका पातळ पडतो. रबरी चटईने फरक पडला नाही, कारण फरशीवरची बारीक धूळ रबराखाली येते आणि चटईच घसरू लागते. शेवटी दुहेरी गोणपाट किंचित ओले करून अंथरले, खुर्चीचे पुढचे दोन पायही त्याच गोणपाटावर घेतले, आणि तेव्हापासून पेटी जागची हललेली नाही. आपल्याच वजनाने गोणपाट दाबून धरले जाते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

पेटीच्या आत पिएझो चकती चिकटवून आवाज ध्वनिक्षेपकावर घेता येतो. ही चकती दाबाचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म संकेतात करते. परंतु ती थेट माइकच्या जागी जोडली तर खालचे सूर गळून जातात आणि केवळ टकटक ऐकू येते. मध्ये छोटा प्रीअँप, म्हणजे क्षीण संकेत आधी वाढवून देणारे उपकरण, असणे आवश्यक आहे, किंवा मिक्सरवर गिटारसाठी वेगळी जागा असेल तर तेथे जोडावे. ग्रामीण भागात वीज कधीही जाऊ शकते, म्हणून विजेशिवायही मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशीच पेटी करून घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

झांजेच्या पट्टीबाबत एकच सांगणे आहे. लोखंडी चकत्यांची पट्टी स्वस्त मिळते, पण तिचा कर्कश आवाज शब्दांतील ‘स’ आणि ‘श’ खाऊन टाकतो. पितळी चकत्यांची घ्यावी.

गळ्यातील स्टँडकडे दुर्लक्ष करू नये. पातळ तारेचे स्टँड पायाच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होतात आणि माउथ ऑर्गन हनुवटीकडे झुकतो, मग गायकाला मान वाकवून त्याचा पाठलाग करावा लागतो व त्याचा परिणाम थेट गळ्यावर होतो. जाड नळीचे, विंग नटखाली रबरी वायसर असलेले स्टँड मी सध्या वापरतो. ओठ आणि वाद्य यांत दोन बोटांचे अंतर ठेवले म्हणजे गाणे व वाजवणे दोन्ही एकाच माइकवर होते.

आता माउथ ऑर्गनविषयी, कारण मराठी गाण्यांसाठी त्याची निवड कशी करावी हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दहा छिद्रांच्या साध्या प्रकारात वीस पत्त्या (श्वासाने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात, एक फुंकीची आणि एक ओढीची अशी प्रत्येक छिद्राला जोडी. खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत नसतात. चौथ्या ते सातव्या छिद्रांमध्ये मात्र सप्तक पूर्ण मिळते. बारा छिद्रांच्या क्रोमॅटिक प्रकारात सगळे कोमल-तीव्र सूर असले तरी त्याचे बटण दाबायला हात लागतो आणि आपले दोन्ही हात गिटारवर असतात, म्हणून तो या संचात बसत नाही. त्यावर तोड म्हणजे मूर्च्छना, म्हणजे वाद्याच्या दुसऱ्याच एखाद्या सुराला षड्ज मानून वाजवणे. मी पांढरी दोन पट्टीत गातो, म्हणजे हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी हा माझा षड्ज. पांढरी दोनचा माउथ ऑर्गन सरळ वाजवला की बिलावल थाट (थाट म्हणजे रागाच्या सात सुरांची ठरलेली चौकट) मिळतो. पांढरी पाचच्या माउथ ऑर्गनचा पंचम हाच माझा षड्ज मानला की खमाज मिळतो, आणि पांढरी एकच्या माउथ ऑर्गनचा ऋषभ हा षड्ज मानला की कोमल गंधार व कोमल निषाद आपोआप येऊन काफी उभा राहतो. तेथे चौथ्या छिद्रातून श्वास ओढून षड्ज लागतो आणि तेथून वर आठव्या छिद्राच्या ओढीपर्यंत सप्तक पुरे होते. शेवटच्या भैरवीसाठी काळी पाचचा माउथ ऑर्गन घ्यावा, कारण त्याचा गंधार म्हणजे माझा षड्ज. कल्याण आणि आसावरीही याच रीतीने साधतात; भैरव, तोडी, पूर्वी आणि मारवा हे थाट मात्र अशा वळणाने येत नाहीत, तेव्हा त्या अंगाच्या गाण्यांत माउथ ऑर्गन खाली ठेवावा आणि गिटारच्या मोकळ्या तारांवर गावे. सुगम संगीताचा मोठा भाग पहिल्या तीन थाटांत मावत असल्याने सुरुवातीला तीनच वाद्ये घेणे पुरेसे आहे.

हार्मोनियम वाजवणाऱ्यांना प्रश्न पडेल की गिटारऐवजी हार्मोनियम का नाही. जमिनीवर मांडी घालून बसले की पाय गुंततात, आणि संगीत नाटकांतील पायपेटीने दोन्ही हात मोकळे होत असले तरी पाय भात्यात अडकतात. दोन्ही रीतींत ठेका हातचा जातो.

बेळगावच्या पावसाने या संचाची खरी परीक्षा घेतली. जुलैच्या ओलीत लाकडी कंगवा (छिद्रांचा मधला भाग) असलेला माझा माउथ ऑर्गन फुगला आणि लाकडाच्या कडा ओठांना टोचू लागल्या, तर प्लॅस्टिक कंगव्याचे दोन्ही जसेच्या तसे राहिले. आमच्या हवेत प्लॅस्टिकचाच घ्यावा, लाकडाच्या गोडव्याविषयी जे बोलले जाते त्याने मोहून जाऊ नये. आरतीनंतर हातावर प्रसादाचा कुंदा पडतो; तो खाऊन चूळ न भरता वाजवले तर खव्या-साखरेचा थर पत्त्यांवर बसतो आणि सूर अडकतात. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर हलके आपटावे आणि उघड्यावर वाळू द्यावे, लगेच डबी बंद करू नये.

जोराने श्वास ओढण्याने पत्ती थकते आणि सूर उतरतो. माझ्या पांढरी एकच्या वाद्यात चौथ्या छिद्राची ओढीची पत्ती, म्हणजे काफीचा षड्जच, मे महिन्यात उतरली. नवे वाद्य मागवण्याऐवजी मी ते बेळगावातील एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले. दोन्ही वाद्यांच्या पत्त्यांचे तत्त्व एकच असल्याने त्यांनी पत्तीच्या टोकाकडे अगदी नाममात्र खरवडून सूर चढवला. मुळाशी खरवडले असते तर तो आणखी उतरला असता. तंबोऱ्याशी लावून पाहिला, आणि श्रावणातील सगळ्या भजनांत तो टिकला आहे.