आण्णांचा बिल्ला, पंच आणि तीन इंच खोल फ्रेम

आण्णा कराड डेपोला कंडक्टर होते, १९७४ ते २००६. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली आणि आण्णांचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे ‘एसटी आणि मी जुळी भावंडं’ असं ते सगळ्यांना सांगायचे. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पितळी बिल्ला, निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी हातात दिलेला जुना तिकीट पंच, रंगीत तिकिटांची एक चळत आणि शेवटचा खाकी शर्ट सापडला. हे सगळं दिवाणखान्यात लावायचं मी ठरवलं.

पहिले दोन प्रयत्न फसले. ऑनलाइन मागवलेली तयार शॅडो बॉक्स, म्हणजे वस्तू आत ठेवता येतील अशी पेटीसारखी फ्रेम, आतून जेमतेम पाऊण इंच खोल निघाली, पंच ठेवला की काच बसेना. मग एका दुकानात नेलं. त्यांनी ग्लू गनने सगळं चिकटवून दिलं. एप्रिलच्या उकाड्यात गोंद सुटला आणि बिल्ला तळाशी पडला. त्याच्या पाठीवर गोंदाचा डाग राहिला तो राहिलाच.

तिसरं दुकान पुण्यातच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. एक वयस्कर काका आणि त्यांचा मुलगा चालवतात. आम्ही वस्तू टेबलावर मांडल्या तेव्हा काकांनी मापं घेण्याआधी विचारलं, “बिल्ला कुठल्या खिशाला लावायचे?” मी म्हटलं, डाव्या. त्यावरून सगळी फ्रेम ठरली. मागे मखमल किंवा रंगीत कागद लावायचा नाही, शर्टच लावायचा, खिसा दर्शनी येईल असा, आणि बिल्ला त्याच्या स्वतःच्या पिनेनं त्याच खिशावर. शर्ट कापावा लागेल या विचारानं माझ्या पोटात गोळा आला होता, पण त्यांनी कात्री लावली नाही. घड्या घालून तो प्लायवर ताणला आणि कडेनं मोठे टाके घातले. उद्या टाके उसवले तर शर्ट पुन्हा हँगरला लागेल.

पंच चांगलाच जड. प्लायला बारीक भोकं पाडून त्यांनी तो चार ठिकाणी तंगुशीनं मागून बांधला. समोरून धागा दिसतसुद्धा नाही. आत कडेनं पट्ट्या ठोकून काच पुढे ठेवलीय, त्यामुळे ती कशालाही टेकत नाही. एकूण माप सोळा बाय वीस, खोली तीन इंच, पट्टी सागाची.

तिकिटांवरून आमचा थोडा वाद झाला. मला खरी तिकिटंच हवी होती. काका म्हणाले, “ताई, उजेडात रंग उडतील. मग काय बघणार?” शेवटी रंगीत झेरॉक्स काढून पत्त्यांसारखी पसरून लावली आणि खरी पाकिटात घालून कपाटात ठेवली. आता मला हेच बरोबर वाटतं. तिकिटांना गुंडाळलेला रबर बँड त्यांनी आधी काढून टाकला. तो विरघळून चिकटला होता, आणि रबरानं पितळही काळं पडतं म्हणे. आई बिल्ला चिंचेनं घासायला निघाली होती, तिलाही त्यांनी थांबवलं. चिंचेचा अंश खाचांत राहिला की हिरवं चढतं. शिवाय कडा जिथे गुळगुळीत झालीय तिथे आण्णांचा अंगठा फिरलाय, ते घासून का घालवायचं?

आता खटकलेल्या गोष्टी. दहा दिवसांचा वायदा होता, लागले अठरा. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा “उद्या” एवढंच उत्तर. फ्रेम आणायला गेल्यावर कळलं की पॉलिशचा वास पूर्ण उडावा म्हणून पेटी उघडी ठेवली होती, बंद पेटीत तो वास पितळाला बाधतो. कारण अगदी योग्य, पण फोनवर सांगितलं असतं तर मी निवांत राहिले असते. दुसरं म्हणजे काच साधी आहे. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की बिल्ल्यावरचा नंबर वाचता येत नाही. चकाकी न येणारी काच मिळते हे त्यांनी काम झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी जास्तीचे पैसे आनंदानं दिले असते. खर्च २,८५० रुपये आला, निम्मे आगाऊ.

फ्रेमच्या मागे खाली दोन रबरी बटणं आहेत, त्यामुळे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. पावसाळ्यात आमची ती भिंत ओल धरते, तरी यंदा आत काही झालं नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका असं काकांनी बजावलं होतं, म्हणून ती देवघराशेजारच्या आतल्या भिंतीवर आहे.

मागचं झाकण खिळ्यांनी ठोकलेलं नाही, फिरत्या पट्ट्यांनी बसवलंय. हे मी मागितलं नव्हतं, काकांनी आपणहून केलं. आण्णांच्या वर्षश्राद्धाला आईनं फ्रेम खाली उतरवायला सांगितली. मी मागून तंगूस सोडली आणि पंच तिच्या हातात दिला. तिनं एक कोरा कागद घेतला आणि त्यावर दोनदा पंच दाबला. तो कागद आता आत, शर्टाच्या खिशात आहे.