आयएसएए चाचणी: नव्या संशोधकांनी घ्यावी का?

एम.ए. करताना मी ठाण्यातल्या एका विशेष शाळेत मदतीला जायचे, तिथे ही चाचणी पहिल्यांदा पाहिली. आता पीएच.डी.साठी सतत हाताशी असते. आयएसएए म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम: बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली, २००९ मध्ये आलेली ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) भारतीय चाचणी. ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही, १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

मुलाचं निरीक्षण आणि पालकांशी बोलणं, दोन्ही करावं लागतं, हे मला फार पटतं. आवाज-स्पर्शाचे मुद्दे निघाले की आया भडाभडा बोलतात. मिक्सर लावला की कान झाकतो, शर्टाचं लेबल कापूनच घालावं लागतं. हे आमच्या खोलीत कधीच दिसलं नसतं.

गुण देणं मात्र अवघड. एखादी गोष्ट २० टक्के वेळापर्यंत दिसली तर १, ८०च्या पुढे ५. पण टक्के कुठल्या वेळाचे? शाळेतल्या अर्ध्या तासाचे की घरातल्या अख्ख्या दिवसाचे? इथे दोन परीक्षकांचे गुण सहज वेगळे पडतात.

आणि एक मोठी उणीव. सहा वर्षांचा एक मुलगा चाचणी चालू असताना सारखा म्हणत होता, "पुढील स्टेशन ठाणे." ऐकलेलं तसंच बोलणं, म्हणजे एकोलालिया, त्या मुद्द्याला मी ४ दिले. आई शांतपणे म्हणाली, "ताई, कंटाळला की असंच म्हणतो. घरी जायचंय त्याला." चप्पल घातली आणि बोलणं थांबलं! अशा बोलण्यामागे हेतू असतो हे अमेरिकन वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रायझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकातच मांडलंय, पण चाचणी फक्त 'किती वेळा' विचारते, 'कशासाठी' नाही. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दिवशी ठरला: मराठी घरांतल्या स्वमग्न मुलांची अशी वाक्यं, ती कधी येतात आणि कोणाला उद्देशून.

तरी चाचणी जरूर घ्या. फक्त गुणपत्रिकेशेजारी वही ठेवा आणि मुलाची वाक्यं जशीच्या तशी लिहा. सुरुवातीला अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टजवळ बसून वेगवेगळे गुण द्या, मग ताडून पाहा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही हीच चाचणी वापरतात, त्यामुळे पालक बेरीज विचारतातच. आपले गुण संशोधनापुरते आहेत, हे संमतीपत्रावर सही घेतानाच त्यांना नीट समजावून सांगा.