हजाराच्या आतला पेन ड्राइव्ह: ब्लेड, एक्सोडिया की फ्लेअर?

इंदूरच्या जेलरोडच्या गर्दीत एखाद्या काउंटरवर ‘६४ जीबीचा पेन ड्राइव्ह दाखवा’ म्हटलं, की समोर साधारण तीन पाकिटं येऊन पडतात. सॅनडिस्कचा क्रूझर ब्लेड, किंग्स्टनचा डेटाट्रॅव्हलर एक्सोडिया आणि सॅनडिस्कचाच अल्ट्रा फ्लेअर. सिल्व्हर मॉलमध्ये गेलात तरी यादी फारशी बदलत नाही. मेमरीचे भाव इतके वर-खाली होतात की आज लिहिलेली किंमत पुढच्या महिन्यात खोटी ठरते, म्हणून आकडे देत नाही. क्रम मात्र बहुधा हाच असतो: ब्लेड सगळ्यांत स्वस्त, एक्सोडिया त्याच्यापेक्षा जरासा वर, फ्लेअर आणखी थोडा महाग. मग हे शे-दोनशे रुपये वाचवायचे की नाही?

माझ्या मते, घरच्या वापराच्या ड्राइव्हवर वाचवू नका. झेरॉक्सच्या दुकानात न्यायच्या ड्राइव्हवर जरूर वाचवा. म्हणजे शक्य असेल तर दोन घ्या. पण ते पुढे.

पाकिटावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत जागा छापलेली असते, आणि आपणही तीच बघतो. पण ६४ जीबी तिन्हींत ६४ जीबीच आहे. (कॉम्प्युटर ती ५९ च्या आसपास दाखवतो, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) खरा फरक आहे तो वेगात, आणि त्यातही लिहिण्याच्या वेगात. ब्लेड यूएसबी २.० आहे. या जुन्या पद्धतीत कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात वाचताना तीस-पस्तीसच्या वर काही मिळत नाही. लिहिताना तर या वर्गातले स्वस्त ड्राइव्ह पाच ते दहा एमबीवर येऊन रेंगाळतात. एक्सोडिया आणि फ्लेअर यूएसबी ३ चे. पाकिटावर ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ असं काहीही लिहिलेलं असो, ती एकाच गोष्टीची तीन नावं आहेत. २००८ साली आलेल्या ३.० लाच पुढे दोनदा नवं बारसं घातलं. तेव्हा ‘३.२ वाला लेटेस्ट आहे’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर हसून पुढच्या दुकानात जा.

हिशेब करून बघा. रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे व्हिडिओ आणि घरातल्या चार फोनमधले फोटो मिळून ३० जीबी झाले, असं समजू. सेकंदाला ८ एमबीनं ते भरायला तासाभराहून थोडा जास्तच वेळ लागेल. ४० एमबीनं लिहिणाऱ्या ड्राइव्हवर हेच काम बारा-तेरा मिनिटांत उरकतं. नागपूरहून आलेला मामेभाऊ स्टेशनला निघायच्या घाईत ‘मला पण दे ना सगळे’ म्हणतो, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

आता यूएसबी ३ लिहिलंय म्हणजे ४० मिळतीलच का? नाही. सेकंदाला ५ गिगाबिट ही फक्त वाट आहे. रस्ता रुंद झाला म्हणून सायकल मोटारीसारखी पळत नाही. आतली मेमरी स्वस्त असेल तर ड्राइव्ह वाचतो झकास आणि लिहितो रडतखडत. कंपन्या इथेच गंमत करतात. फ्लेअरच्या पाकिटावर १५० एमबीचा आकडा आहे, तो वाचण्याचा, आणि त्यालाही ‘पर्यंत’ची शेपटी आहे. लिहिण्याबद्दल म्हटलंय की साध्या यूएसबी २.० पेक्षा पंधरापट जलद. हे साधं म्हणजे किती, ते बारीक अक्षरांत: सेकंदाला ४ एमबी. म्हणजे अगदी चांगल्या परिस्थितीत ६०. एक्सोडियाच्या पाकिटावर तर असा आकडाच नसतो, नुसतं यूएसबी ३.२ जेन १ लिहून सोडून दिलेलं. मी याला किंग्स्टनचा प्रामाणिकपणा म्हणणार नाही. आकडा नसला की उद्या आत वेगळी चिप घालायला कंपनी मोकळी. म्हणून वेगाच्या बाबतीत माझं मत फ्लेअरच्या बाजूनं झुकतं. निदान काहीतरी लिहून तरी दिलंय.

कॉपी लावल्यावर जो हिरवा आलेख दिसतो, तो नीट बघितलाय कधी? सुरुवातीला एकदम उंच डोंगर, शंभराच्या पुढे आकडा. दोन-तीन जीबी गेले की कडा कोसळतो, रेघ तळाला लागते आणि तिथेच सरपटत राहते. मधेच आकडा शून्यावर येतो, वाटतं अडकलं, आणि परत चालू. ड्राइव्ह खराब नाही. कॉम्प्युटर सुरुवातीचा डेटा स्वतःच्याच मेमरीत जलद भरून घेतो, ती जागा भरली की ड्राइव्हची मूळची चाल उघडी पडते. म्हणून एक सिनेमा टाकून ‘वा, काय वेग आहे’ असं ठरवू नका. दहा-पंधरा जीबीची फाइल टाका आणि शेवटची पाच मिनिटं बघा. आणि व्हॉट्सॲपच्या हजारो बारक्या फोटोंना तेवढ्याच जीबीच्या एका फाइलपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आधी त्यांची एक झिप फाइल करा, निम्मा त्रास वाचेल.

एक अट मात्र आहे. तुमच्या लॅपटॉपला यूएसबी ३ चं पोर्ट पाहिजे. बहुतेक ठिकाणी त्याच्या आतली पट्टी निळी असते, नाहीतर शेजारी ‘एसएस’ची खूण. जुन्या डेस्कटॉपला पुढची पोर्टं २.० ची आणि निळी मागे, असं बऱ्याचदा असतं. घरात सगळीच यंत्रं जुनी असतील तर फ्लेअरचे जास्तीचे पैसे निम्मे वाया. अशा वेळी एक्सोडिया घ्या, ब्लेड घेतलात तरी फार बिघडत नाही.

बांधणीचं थोडक्यात. ब्लेड प्लास्टिकचा, नखाएवढा पातळ, टोपण नाही; शर्टाच्या खिशात गेला की धुलाईपर्यंत आठवत नाही. एक्सोडियाला टोपण आहे आणि दोरी ओवायला चांगली मोठी कडी. क्षमतेप्रमाणे कडीचा रंग वेगळा असतो, त्यामुळे घरात दोन असतील तर ओळखायला सोपं. टोपण किती दिवस टिकतं ते ज्याच्या-त्याच्या शिस्तीवर. फ्लेअर धातूचा, हातात घेतल्यावर तिघांत तोच दमदार वाटतो. बराच वेळ कॉपी चालली की धातूचा ड्राइव्ह हाताला चटका जाणवण्याइतका तापतो, त्यानं घाबरू नका.

फोनमधले फोटो थेट उतरवायचे असतील तर मात्र या तिघांना बाजूला ठेवा आणि दोन तोंडांचा घ्या, एकीकडे टाइप-सी, दुसरीकडे नेहमीचं यूएसबी. सॅनडिस्कचा अल्ट्रा ड्युअल ड्राइव्ह गो सहज मिळतो, फिरणाऱ्या झाकणाचा. आई-बाबांच्या फोनची मेमरी दर दोन महिन्यांनी भरते आणि लॅपटॉप कोणी उघडत नाही, अशा घरात मी हाच सुचवेन. जवळ साधा ड्राइव्ह आधीच असेल तर तो फोनला जोडून देणारं टाइप-सीचं ओटीजी कनेक्टर स्वस्तात मिळतं.

कार आणि टीव्हीवाल्यांची वेगळी कटकट. गाडीतल्या बऱ्याच म्युझिक सिस्टिमना फॅट३२ फॉरमॅटच (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) कळतो, आणि ६४ जीबीचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात. मग स्क्रीनवर ‘नो डिव्हाइस’ येतं आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. फॅट३२ करायचं तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय दिसत नाही; रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं होतं. पण फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही. फोरकेमध्ये शूट केलेला बारा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओदेखील ती हद्द ओलांडू शकतो, आणि ड्राइव्ह रिकामा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ अशा अर्थाची तक्रार येते. तेव्हा गाडीतल्या गाण्यांसाठी ३२ जीबीचा ब्लेड फॅट३२ मध्ये कायमचा गाडीतच ठेवा. गाणी वाचायला त्याचा वेग पुरून उरतो. घरच्या ड्राइव्हला एक्सफॅट.

आता झेरॉक्सचं दुकान. हॉल तिकीट, भाडेकरार, आधारची प्रिंट, कशासाठी तरी आपण तिथे जातोच, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये दिवसभरात सगळ्या गल्लीचे ड्राइव्ह जाऊन येतात. घरी आल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, की समजायचं व्हायरस तिथूनच सोबत आलाय. फाइली सहसा उडालेल्या नसतात, लपवलेल्या असतात; त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरस फिरवा. त्याहून सोपं म्हणजे बाहेर न्यायला सगळ्यांत स्वस्त, कमी जागेचा वेगळा ड्राइव्ह. त्यात त्या दिवशीची पीडीएफ सोडून काही नको. घरी आला की फॉरमॅट. ब्लेडची खरी जागा इथे. घरच्या ड्राइव्हमध्ये पॅन-आधारचे स्कॅन ठेवत असाल तर सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरनं पासवर्ड घालून ठेवा, ड्राइव्ह पाहिजे तेव्हा हरवतो.

आणि तो फूटपाथवरचा, नाहीतर ऑनलाइन दिसणारा ‘२ टीबी’चा, तीनशे-चारशे रुपयांचा पेन ड्राइव्ह? ‘कंपनी का ही माल है भिया’ असं कितीही गोड आवाजात सांगितलं तरी नाही. खरा १ टीबीचा पेन ड्राइव्ह असतो, पण तो हजारोंच्या घरात जातो. या नकली मालात आत ८-१६ जीबीची चिप असते आणि तिच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर २ टीबी दाखवतो, कॉपीही ‘पूर्ण’ होते, फाइलींची नावंसुद्धा दिसतात. खरी जागा संपल्यावरचं सगळं मात्र कुठेच गेलेलं नसतं, किंवा जुन्यावरच लिहिलेलं असतं. नावाजलेल्या कंपनीच्या पाकिटातही डुप्लिकेट निघतो, त्यामुळे भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल तर संशय घ्या.

जागा किती घ्यायची? ६४. ३२ आणि ६४ मधला भावातला फरक सहसा किरकोळ असतो. १२८ तेव्हाच, जेव्हा खरंच व्हिडिओ भरपूर आहेत. त्याच्या पुढे गेलात तर छोट्या एसएसडीचा, म्हणजे चिपवर चालणाऱ्या जलद डिस्कचा, विचार करा.

सॅनडिस्क आणि किंग्स्टन दोघेही या ड्राइव्हना ५ वर्षांची वॉरंटी देतात. तेवढ्यासाठी पक्कं बिल घ्या, पाकीट दोन वर्षांनी सापडत नाही. वॉरंटीत नवा ड्राइव्ह मिळतो, आतले फोटो नाही. या चपट्या ड्राइव्हमध्ये बहुधा सगळं एकाच चिपच्या पोटात असतं, त्यामुळे डेटा काढून देणारा जो खर्च सांगतो त्यात असे डझनभर ड्राइव्ह येतील. लग्नाचे फोटो फक्त पेन ड्राइव्हवर ठेवणं कुठलाही ब्रँड घेतला तरी चूकच. वर्षानुवर्षं कपाटात न लावता पडून राहिला तरी आतला विद्युतभार हळूहळू गळतो, म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर हवीच. गूगलवर १५ जीबी फुकट आहेत, निवडक फोटोंना पुरतात.

घरी आणलात की आत काही भरायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे, लिनक्सवर एफ३. ते सगळी जागा भरतं आणि परत वाचून ताळा घेतं, त्यातच लिहिण्याचा खरा वेगही कळतो. ६४ जीबीच्या फ्लेअरला तास-दीड तास धरा, ब्लेड असेल तर रात्री झोपताना लावा. शेवटी चूक दाखवली तर दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा. ‘आठवडाभरात बदलून देऊ’ म्हणणाऱ्याचा आठवडा फार लवकर संपतो.