दहा हजार लक्स, पण किती अंतरावरून? कॅरेक्स डे-लाइट क्लासिक प्लस

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि टोरांटोत संध्याकाळ नावाची गोष्टच उरत नाही. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आधी मावळतो, जानेवारीच्या सुरुवातीला उगवायला पावणेआठ उलटून जातात. इथला सगळ्यात लहान दिवस नऊ तासांचाही भरत नाही. पुण्याचा अकरा तासांचा असतो. पुण्यात थंडी पडते, पण उजेड जात नाही. म्हणूनच मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या घरांत म्हणजे टोरांटोच्या शेजारच्या शहरांत, एखाद्याला दरवर्षी हिवाळ्यात दहा-दहा तास झोप येते, भात-ब्रेड-गोड खाण्यावर ताबा राहत नाही, कशात मन लागत नाही, तेव्हा गावाकडून फोनवर ‘आळस झटक’ असा सल्ला येतो. हा आळस नाही. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुजन्य नैराश्याचं (इंग्रजीत ‘सॅड’) पहिलं व्यवस्थित वर्णन केलं आणि त्याच वेळी त्यावर उजेडाचा उपायही तपासला.

त्या उपायासाठी आज मिळणाऱ्या दिव्यांपैकी कॅरेक्सचा डे-लाइट क्लासिक प्लस आम्हाला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याचं कारण एका आकड्यात आहे: १२ इंचांवरून १०,००० लक्स. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पोचतो ते मोजायचं एकक.

जवळजवळ प्रत्येक सॅड लॅम्पच्या खोक्यावर १०,००० लक्स छापलेलं असतं. ते किती अंतरावरून, हे आतल्या पत्रकात बारीक अक्षरांत सापडतं. टॅबलेटएवढ्या छोट्या दिव्यांत ते अंतर बऱ्याचदा सहा इंचांच्या आसपास असतं. इतकं तोंड जवळ नेऊन अर्धा तास कुणी बसत नाही. माणूस सहज मागे सरकून फूटभर अंतरावर बसतो आणि छोट्या दिव्याचा उजेड दुप्पट अंतरावर साधारण चौथाईवर येतो. मग महिनाभराने ‘काही फरक पडला नाही’ म्हणून दिवा कपाटात जातो. या दिव्याचा पडदा साधारण साडेपंधरा बाय साडेतेरा इंचांचा आहे. मान थोडी इकडेतिकडे झाली तरी डोळे उजेडातच राहतात. टेबलावरची जागा मात्र तो भरपूर खातो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा अरुंद डेस्कवर बसवायचा असेल तर आधी टेप लावून जागा मोजा.

बसवताना दिव्याचे पाय पूर्ण उंच करा आणि पडदा डोळ्यांच्या किंचित वर राहील असा पुढे झुकवा. वरून आलेला उजेड डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबायला तो भाग जास्त उपयोगी ठरतो असं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय वरून आला की उजेड डोळ्यांत खुपत नाही. दिव्याच्या पडद्यापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर पहिल्या दिवशी फूटपट्टीने मोजा, अंदाजाने नको, आणि दिव्याच्या व खुर्चीच्या पायांशी चिकटपट्टीची खूण करून ठेवा. उजेडाच्या दोन पातळ्या आहेत. उपचारासाठी वरचीच लावायची, खालची कामाच्या उजेडासाठी आहे.

दिव्याकडे टक लावून पाहायचं नाही, पण डोळे उघडे हवेत. नाश्ता, पेपर, लॅपटॉप सगळं चालतं. मांडीवरच्या मोबाइलमध्ये मान घातली की मात्र उजेड डोक्यावर पडतो आणि डोळे सावलीत जातात. निळा प्रकाश अडवणारा चष्माही त्या वेळी काढून ठेवा, कारण शरीराचं घड्याळ लावणाऱ्या पेशी निळसर उजेडालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात.

वेळ सकाळची, उठल्याबरोबर. पहिले दोन-तीन दिवस १० ते १५ मिनिटं, मग ३०. रोज, रविवारीसुद्धा. काही कारणाने ५,००० लक्सच मिळत असतील तर तासभर बसावं लागेल, २,५०० असतील तर दोन तास. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत फरक जाणवतो, आणि नेमकी तिथेच चूक होते: बरं वाटलं म्हणून दिवा बंद होतो आणि थोड्याच दिवसांत मरगळ परत येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू केलेला दिवा मार्च-एप्रिलपर्यंत चालू ठेवायचा. संध्याकाळी लावला तर रात्रीची झोप उडते. पहाटे चारलाच जाग यायला लागली तर सकाळची वेळ थोडी पुढे न्या किंवा मिनिटं कमी करा. डोकं दुखलं, मळमळलं तर चार-पाच दिवस थोडं मागे सरून बसा.

उपाय खरंच लागू पडतो का, याचं उत्तर कॅनडातच तपासलं गेलंय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ रुग्णांवर आठ आठवडे रोज ३० मिनिटं १०,००० लक्स आणि २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध यांची तुलना झाली. दोन्ही गटांत ६७ टक्के रुग्णांना गुण आला.

म्हणूनच याला औषधासारखंच वागवा. बायपोलर आजार (अति उत्साह आणि नैराश्य आलटूनपालटून येण्याचा) असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा दिवा लावू नका. झोप कमी होऊनही अंगात भलताच उत्साह संचारला, चिडचिड वाढली, विचार धावायला लागले तर तो बंद करा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल तर आधी डोळ्यांचे डॉक्टर. आपल्या लोकांत मधुमेह किती आहे हे पाहता ही सूचना वाचून पुढे जाऊ नका. लिथियम, डॉक्सिसायक्लिन ही औषधं किंवा सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी यांपैकी काही चालू असेल तर तेही सांगा. आणि जगणंच नको वाटत असेल तर दिव्याच्या परिणामाची वाट पाहू नका: कॅनडात ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनवर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो.

एक गैरसमज वारंवार दिसतो. या दिव्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्याला अतिनील किरण लागतात आणि इथे ते मुद्दाम गाळलेले असतात. ड च्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या चालूच ठेवा. त्वचा काळवंडवणारे टॅनिंगचे दिवे तर या कामाला अजिबात वापरायचे नाहीत, डोळ्यांना इजा होईल.

पैसे घालण्याआधी समोर बसून पाहायचं असेल तर टोरांटो पब्लिक लायब्ररीने काही शाखांत असे दिवे वाचकांसाठी ठेवले आहेत. आपल्या भागातल्या शाखेत फोन करून विचारा. विकत घेताना परत करण्याची मुदत किमान तीन आठवड्यांची आहे ना, हेही पाहून घ्या. त्याआधी पक्का निकाल लागत नाही.