ओयान्तायताम्बो: मित्रांसोबत पायी फिरायला एक मुक्काम तरी हवाच

पेरूच्या सेक्रेड व्हॅलीतलं ओयान्तायताम्बो बहुतेकांच्या यादीत असतं ते माचू पिचूची ट्रेन पकडायचं स्टेशन म्हणून. तासाभरात इंकांचा किल्ला उरकायचा आणि गाडीत बसायचं. या गावावर हा सरळसरळ अन्याय आहे. चौक, किल्ला, जुन्या गल्ल्या, समोरचा डोंगर सगळं चालत जाण्याइतकं जवळ आहे.

गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटरहून जास्त उंच. तरी जवळच्या कुस्को शहरापेक्षा सहाशे मीटर खाली. त्यामुळे विमानाने कुस्कोला उतरून पहिली रात्र थेट इथे काढली तर विरळ हवेचा त्रास कमी होतो. कुस्कोच्या पाविटोस गल्लीतून शेअर गाड्या सुटतात. त्या भरल्या की निघतात आणि दीड ते दोन तासांत पोचवतात.

किल्ल्याचं सुटं तिकीट मिळत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी ७० सोलचं (सोल म्हणजे पेरूचं चलन) तिकीट दोन दिवस चालतं. त्यात व्हॅलीतली पिसाक, चिन्चेरो आणि मोराय ही ठिकाणंही येतात. कुस्कोही बघायचं असेल तर १३० सोलचं दहा दिवसांचं घ्या. पैसे रोख ठेवा. एका ठिकाणी एकदाच प्रवेश मिळतो, म्हणून पाणी, टोपी, स्वच्छतागृह सगळं आत शिरण्याआधीच बघा.

सकाळी सातला दार उघडतं, तेव्हाच आत जा. दहानंतर सहलींच्या बस येतात आणि पायऱ्यांवर रांग लागते. मोठ्या ग्रुपची नेहमीची चूक म्हणजे उत्साहाच्या भरात पहिला टप्पा झपाझप चढणं. इथे दम आधी संपतो, पाय नंतर. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. दाराशी गाइड मिळतात. दर ग्रुपचा ठरवून घ्या, चौघा-पाचांत तो परवडतो.

वर सूर्यमंदिराच्या भिंतीपाशी मात्र घाई नको. गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत आणि दोन शिळांच्या मधल्या फटीत दगडाची अरुंद पट्टी घट्ट बसवली आहे. एका शिळेवर पायऱ्या-पायऱ्यांची उठावदार नक्षी आहे. ती झिजली आहे, तिरप्या उन्हात नीट दिसते. खाण उरुबाम्बा नदीपलीकडच्या डोंगरात, काचिकाता इथे. म्हणजे दगड तिथून खाली उतरवला, नदी ओलांडली आणि पुन्हा इतक्या वर चढवला. काम अर्धवटच राहिलं. वाटेत सोडलेले दगड आजही पडून आहेत. स्पॅनिशांविरुद्धच्या १५३६-३७ च्या बंडात इंका राजा मांको इंकाने इथूनच स्पॅनिश सरदार एर्नांदो पिझारोच्या घोडदळाला मागे रेटलं. नदीचं पाणी सोडून खालचं मैदान चिखलमय केलं, तिथे घोडे काय करणार! हे वरून मैदानाकडे बघतच ऐकावं.

उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. पायथ्याशी ‘राजकन्येचं स्नानघर’ म्हणतात ते कोरीव दगडी कारंजं आहे, त्यातून अजून पाणी वाहतं. घाईतले लोक नेमकं हेच चुकवतात.

किल्ल्यावर गर्दी झाली की समोरच्या पिंकुयुनाच्या डोंगरावर जा. प्रवेश फुकट, वाट लारेस गल्लीतून. अर्ध्या ते पाऊण तासात इंकांच्या धान्यकोठारांपाशी पोचता. वाऱ्याने धान्य कोरडं राहावं म्हणून ती इतक्या उंचावर बांधली. इथून अख्खा किल्ला समोर दिसतो, फोटो इथूनच काढा. वाट अरुंद आणि खडी आहे, काही ठिकाणी कठडा नाही. उंचीची भीती असणाऱ्याला आग्रह करू नका. पाऊस पडून गेला असेल तर बेत रद्दच करा, उतरताना पाय घसरतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने, मे ते सप्टेंबर सगळ्यात बरे.

दुपारी जुन्या गल्ल्या. खाली इंकाकालीन दगड, वर मातीच्या विटा आणि कडेने खळखळणारा पाट. एका दारातून आत गेलं की मधलं अंगण आणि भोवती घरं, अशी रचना आहे. तिथे आजही लोक राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय अंगणात शिरू नका.

खायला मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज मस्त. शाकाहारींनी किन्वाच्या सुपाबद्दल मात्र नीट विचारावं. स्पॅनिशमध्ये नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटलं तर कोंबडीचा रस्सा चालतो असं समजतात. ‘सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडी नको, कोंबडीचा रस्साही नको) असं पूर्ण सांगा.