उडालेल्या फाइली शोधणाऱ्या फोटोरेकसोबत आठ महिने: फाइली परत येतात, नावं येत नाहीत

कार्ड लॅपटॉपला लावलं, फोटो कॉपी झाले असं धरून चालले, सगळे सिलेक्ट केले आणि डिलीट. दहा मिनिटांनी लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं तर आत जेमतेम पाव फोटो. कॉपी मध्येच अडकली होती आणि तसं सांगणारी खिडकी मीच न वाचता बंद केली होती. रिसायकल बिन रिकामा. मेमरी कार्डावरून उडवलेली फाइल तिथे जातच नाही, हे ज्ञान तेव्हा झालं.

त्या दिवशी शहाणपणाची एकच गोष्ट हातून घडली: कार्ड लगेच काढून बाजूला ठेवलं. कार्ड 32 जीबीचं, म्हणजे फॅट32 चं (कोणती फाइल कुठे आहे याची यादी ठेवण्याची ही एक पद्धत). त्यात फाइल उडवली की यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि तिची जागा मोकळी धरली जाते. फोटो मात्र तिथेच पडून असतो, त्या जागी दुसरं काही येऊन बसेपर्यंत. म्हणून अशा कार्डावर आणखी एक फोटोही काढायचा नाही, आणि परत मिळवलेल्या फाइली तर त्याच कार्डावर मुळीच उतरवायच्या नाहीत.

आधी रिकुवा हे फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर वापरलं. विंडोजवर चालतं, माउसने चालतं, घाबरलेल्या माणसाला तेवढं पुरे. हिरवे, केशरी, लाल ठिपके दाखवतं. हिरवा ठिपका म्हणजे फाइल उघडेलच असं नाही, पण अंदाज येतो. बरेच फोटो निघाले, सगळे नाही.

मग फोटोरेक. ख्रिस्तोफ ग्रेनिए या प्रोग्रामरचं हे मुक्त सॉफ्टवेअर टेस्टडिस्क नावाच्या भावंडासोबत एकाच झिपमध्ये येतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. उघडलं की काळी खिडकी, बाणांच्या कळा आणि एंटर. पहिल्यांदा मी अर्धा मिनिट माउसच फिरवत बसले. (क्यूफोटोरेक नावाचं माउसवालं रूपही त्याच झिपमध्ये असतं, ते नंतर दिसलं.) एका जागी मात्र सावकाश जा: ड्राइव्ह निवडताना. नाव आणि आकार दोनदा वाचा. 'फ्री' निवडलं तर फक्त मोकळी जागा चाळतं, 'होल' म्हणजे सगळंच.

फोटोरेक यादीकडे बघतच नाही. डिस्क सलग वाचत जातं आणि ओळखीची सुरुवात शोधतं. जेपेग फाइल एफएफ, डी8, एफएफ अशा बाइटनी सुरू होते. ते दिसलं की इथे फोटो आहे असं धरून उचलतं. म्हणून फॉरमॅट झालेल्या कार्डावरही चालतं. आणि म्हणूनच नावं मिळत नाहीत.

खरं काम तिथून पुढे. 'रिकप_डिर' नावाची फोल्डरं तयार झाली, प्रत्येकात पाचशे फाइली, नावं म्हणजे 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. त्यात 'टी'ने सुरू होणारे चिमुकले फोटोही होते. ती मूळ फोटोंच्या पोटातली लघुचित्रं, ती आधी उडवली. उरलेल्यांची नावं एक्झिफटूलने (फोटोत दडलेली माहिती वाचणारं साधन) फोटो काढल्याच्या तारखेवरून बदलली. शोधायला दोन तास, लावायला आतापर्यंत तीन संध्याकाळी. काही फोटोंचा वरचा भाग नीट आणि खाली सपाट करडा पट्टा. एकात चेहरा कपाळापासून ओठांपर्यंत आहे, पुढे राखाडी. तोही ठेवलाय.

व्हिडिओंची मात्र निराशा. मोठी फाइल कार्डावर तुकड्या-तुकड्यांत पसरलेली असली तर फोटोरेकला ते तुकडे जुळवणं सहसा जमत नाही. अकरापैकी चार चालले.

पुढच्या महिन्यांत नातेवाइकांत माझी ख्याती झाली. जुन्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरची एक हिशेबाची फाइल हवी होती, नाव माहीत होतं. डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या नोंद-पद्धतीची. तिथे फाइल उडवली तरी तिची नोंद, नावासकट, काही काळ शाबूत राहू शकते. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी चालवलं. ते 2020 साली आलं, मोफत आहे, पण कमांड टाइप करावी लागते आणि फाइल दुसऱ्या ड्राइव्हवरच उतरवावी लागते. नावासकट फाइल मिळाली. नाव माहीत असेल आणि डिस्क एनटीएफएस असेल तर मी आता फोटोरेककडे शेवटी जाते.

मामेभावाचं प्रकरण वाईट. लॅपटॉपच्या एसएसडीवरचं (चिपवाली डिस्क) फोल्डर शिफ्ट-डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही नाही. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते: मोकळी झालेली जागा कोणती हे विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. रात्रभर स्कॅन चाललं. सकाळी हाती आल्या ब्राउझरने साठवलेल्या जाहिरातींच्या चित्रांच्या शेकडो फाइली. त्याने तीनदा विचारलं, "ताई, अजून एखादं सॉफ्टवेअर?" नाही रे.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच थेट चालवू नका. डेटा खरंच मोलाचा असेल तर ती बंद करून जाणकाराकडे न्या. आणि 'मोफत' म्हणून उतरवलेलं एक सॉफ्टवेअर यादी दाखवून सेव्ह करताना पैसे मागू लागलं, ते त्याच मिनिटाला काढून टाकलं.

सहा ते नऊ नंबरची रिकप फोल्डरं अजून लावायची आहेत.