आधी कोणती: ‘द फिफ्थ सीझन’ की ‘द पॉपी वॉर’?

अन्याय दाखवणारी काळोखी फँटसी वाचायचीय, पण या दोन्हींतली आधी कोणती, असं मैत्रिणीने विचारलं.

लेखिका एन. के. जेमिसिनची ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) सुरुवातीला जड जाते: काळ उलटसुलट, एक कथन थेट ‘तू’ म्हणत चालणारं. पण भूकंप आवरायची शक्ती असलेल्यांनाच समाज गुलाम करतो, आणि भूकंप रोखायला खुर्चीला जखडून ठेवलेलं ते मूल! माणसाला वस्तू बनवणारी व्यवस्था इतकी नेमकी क्वचितच कुणी दाखवलीय.

लेखिका आर. एफ. क्वांगची ‘द पॉपी वॉर’ (२०१८) भरभर वाचून होते. अभ्यासासाठी जागं राहायला नायिका रिन अंगावर गरम मेण सांडते. पुढे सावळ्या रंगावरून टोमणे खाते. मात्र जपानी सैन्याने चीनमध्ये केलेल्या १९३७च्या नानजिंग हत्याकांडावर बेतलेला भाग फार अंगावर येतो.

रोजचा भेदभाव कसा मुरतो हे समजून घ्यायचं तर जेमिसिन. पीडितच क्रूर कसा होतो ते पाहायचं तर क्वांग. हिंसा सोसत नसेल तर ‘द पॉपी वॉर’ नकोच.